सहाशे आणि सात

मुंबईच्या इंग्रजांचे दुभाषे नारायण शेणवी यांनी ४ एप्रिल १६७४ रोजी आपल्या धन्यांना एक पत्र लिहिले. त्यात एक बातमी होती. शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत बहलोलखानाकडून मारले गेले, त्यांच्याबरोबर आणखी सहा स्वार पडले, आणि बाकीच्या फौजेची कुमक त्यांना मिळाली नाही. एवढेच. आवेश नाही, हळहळ नाही. व्यापाऱ्याला शेजारच्या राज्याची खबर कळवावी तितक्याच कोरडेपणाने सात माणसांचा मृत्यू कागदावर उतरला.

त्यानंतर १८० वर्षांनी, नोव्हेंबर १८५४ मध्ये, लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दुसऱ्या एका घोडदळाची बातमी आली. क्रिमियातल्या बालाक्लावाजवळ २५ ऑक्टोबरला इंग्रजांची लाइट ब्रिगेड उघड्या दरीतून थेट रशियन तोफांवर चालून गेली होती आणि उद्ध्वस्त होऊन परतली होती. बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याने टेकडीवरून हा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. त्याचा वृत्तान्त लांबलचक, रंग भरलेला आणि संतापलेला आहे. वृत्तपत्राच्या अग्रलेखात ‘भयंकर चूक’ अशा अर्थाचे शब्द आले, आणि ते राजकवी आल्फ्रेड टेनिसनच्या कानात घुमत राहिले.

या दोन बातम्यांच्या दोन कविता झाल्या. टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ २ डिसेंबर १८५४ रोजी, घरच्यांच्या सांगण्यानुसार काही मिनिटांत, लिहून झाली आणि ९ डिसेंबरला ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकात छापून आली. नेसरीच्या खिंडीत पडलेल्या त्या सात स्वारांना मात्र विसाव्या शतकापर्यंत, कुसुमाग्रजांपर्यंत, थांबावे लागले. ‘वेडात मराठे वीर’ या शब्दांनी ओळखली जाणारी त्यांची कविता आज बहुतेकांना पाठ असते ती हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत, लता मंगेशकरांच्या आवाजात. कागदावर ती सावकाश वाचणारे त्या मानाने कमी. म्हणूनच ती टेनिसनच्या कवितेशेजारी ठेवून वाचायला हवी. दोन्ही कवितांत मूठभर घोडेस्वार मोठ्या सैन्यावर तुटून पडतात, दोन्हींत परिणाम आधीच ठरलेला आहे आणि दोन्हींच्या मुळाशी वरून आलेला एक हुकूम आहे. इतके साम्य असताना दोघांनी संघर्ष पाहिला कुठे, हे कथानकावरून कळत नाही. ते कळते कारागिरीतून. यमक कशाशी जुळवले, आकडा कुठे ठेवला, कुणाचा चेहरा दाखवला आणि कुणाचा झाकला, यातून.

आधी घटना पाहू, कारण कवींनी त्यांतले काय उचलले आणि काय सोडले तेच पुढे उपयोगी पडणार आहे.

बालाक्लावाचा गोंधळ उंचीमुळे झाला. सरसेनापती लॉर्ड रॅग्लन टेकडीवर होता. इंग्रजांच्या हातून गेलेल्या तोफा शत्रू कॉजवे नावाच्या उंचवट्यावरून ओढून नेत आहे, असे त्याला तिथून दिसले. त्या तोफा नेऊ देऊ नका, असा लेखी हुकूम त्याने खाली धाडला. घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन खाली सपाटीवर होता. त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. कोणत्या तोफा, असे त्याने विचारल्यावर हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने हात हवेत कुठेतरी फिरवला. लुकनला दिसत होत्या त्या तोफा दरीच्या दूरच्या टोकाला मांडलेल्या रशियन तोफा होत्या. हुकूम लॉर्ड कार्डिगनकडे गेला आणि कार्डिगन सुमारे ६७० स्वार घेऊन निघाला. नोलन सुरुवातीलाच तोफगोळ्याच्या कपचीने मेला, त्यामुळे त्याच्या त्या हातवाऱ्याचा अर्थ काय होता यावर इंग्रज इतिहासकार अजून भांडतात. वीस-पंचवीस मिनिटांत सगळे आटोपले. सुमारे ११० माणसे ठार झाली, दीडशेहून अधिक जखमी झाली आणि तीनशेहून अधिक घोडी मेली.

नेसरीची गोष्ट वर्षभर आधी सुरू होते. १६७३ मध्ये सध्याच्या सांगली जिल्ह्यातल्या उमराणीजवळ प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडीत पकडले, त्याचे पाणी तोडले आणि तो शरण आल्यावर त्याला जाऊ दिले. खान पुन्हा उलटला. महाराज संतापले. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या बखरीत कृष्णाजी अनंत सभासद सांगतो त्याप्रमाणे महाराजांचा निरोप असा होता की खानाला मारून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी आजच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव पडले. राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला होता.

आता कविता.

दोन्ही कवींनी पहिली गोष्ट एकच केली, ती म्हणजे आकडा पकडला. लढाईच्या कवितेत आकडा सहसा माहिती म्हणून येतो आणि विसरला जातो. इथे तो यमकाच्या जागी, म्हणजे कानाला सर्वांत जास्त लागणाऱ्या जागी, बसला आहे. टेनिसनच्या सहाही कडव्यांचा शेवट ‘हंड्रेड’ या शब्दावर होतो. आकडा खरा नव्हता, आणि कवीला ते ठाऊक होते. स्वारांची संख्या सातशेच्या जवळ जाते असे कळल्यावरही छंदाला सहाशेच बरे म्हणून त्याने तोच ठेवला. पण यमक म्हणून ‘हंड्रेड’ घेतल्यावर त्याच्याशी जुळणारे शब्द कोणते उरतात? ब्लंडर्ड, थंडर्ड, वंडर्ड, संडर्ड. म्हणजे चूक, गडगडाट, अचंबा आणि ताटातूट. लढाईचा सारा आराखडा या चार शब्दांत आला. टेनिसन लिंकनशरचा, तिकडच्या बोलीत ‘हंड्रेड’चा उच्चार ‘हंडर्ड’ होतो आणि यमक आपल्याला वाटते त्याहून घट्ट बसते. चुकीची जाणीव आणि माणसांची संख्या या दोन गोष्टी एकाच ध्वनीने बांधल्या गेल्या, हे या कवितेतले सर्वांत मोठे कौशल्य आहे. टेनिसनने चुकीवर भाष्य फारसे केलेच नाही. सहाशेचा उच्चार झाला की ‘ब्लंडर्ड’ आपोआप मागे वाजते.

कुसुमाग्रजांचा आकडा ‘सात’. त्यांच्या प्रत्येक कडव्यात तीन ओळींचे एक यमक असते आणि चौथी ओळ ‘आत’ या ध्वनीवर येऊन ध्रुवपदातल्या ‘सात’ला भेटते. हे यमक मराठीला फार स्वस्तात मिळते, कारण सप्तमीचा प्रत्ययच ‘त’ आहे. कुणी म्हणेल, मग यात कसले कौशल्य? कौशल्य हे की कवीने तो स्वस्त प्रत्यय कामाला लावला. कवितेच्या मध्यानंतर चौथ्या ओळीच्या टोकाला जे शब्द येतात ते पाहावेत. निमिष, दर्या, वणवा, आणि सगळे सप्तमीत. स्वार सतत कशाच्या तरी आत शिरत आहेत. क्षणात, समुद्रात, आगीत. ध्रुवपदाचा पहिला शब्दही त्याच विभक्तीत आहे. सर्वांच्या आधी ते वेडात शिरले. टेनिसनचे यमक घोडदळाला चुकीशी बांधते, कुसुमाग्रजांचे यमक सात जणांना आत ढकलत नेते. बाहेर येण्याची वाट त्या यमकात नाही.

टेनिसनकडे ती आहे. आकड्याचा वापर तो कडव्यागणिक बदलतो. पहिल्या तीन कडव्यांत सहाशे स्वार पुढे जातात. चौथ्यात ते परततात, पण तिथे एक नकार येतो: परतले, पण ते सहाशे नव्हेत. पाचव्यात सहाशेपैकी जे उरले ते येतात. सहाव्यात सहाशेला ‘थोर’ हे विशेषण लागते आणि मेलेले-जगलेले सगळे पुन्हा एका आकड्यात एकत्र होतात. वजाबाकी करून शेवटी बेरीज पूर्ववत करणारी ही चाल आहे. भावनेच्या दृष्टीने ती परिणामकारक आहे यात वाद नाही, पण ती थोडी फसवीही आहे. कविता वाचणाऱ्याची समजूत अशी होते की जवळजवळ कुणीच वाचले नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य स्वार जिवंत परतले होते.

कुसुमाग्रजांच्या कवितेत वजाबाकी नाही, कारण उरणारे कुणी नाही. तिथे आकडा तोच राहतो आणि त्याच्या शेजारचे नाम बदलत जाते. आधी धुळीचे सात मेघ. मग अर्पण केलेल्या सात माना. मग समुद्रात जळत कोसळणाऱ्या सात उल्का. गर्दीत हरवलेले सात जीव. वणव्यात जळालेले सात पक्षी. हा क्रम मनाला येईल तसा लावलेला नाही. मेघ जमिनीवरून वर उठतात, उल्का वरून खाली येतात. पक्षी मुळात वरचे, पण त्यांना आग खालून गाठते. मधल्या दोन पायऱ्यांवर, माना आणि जीव, प्रतिमा थांबते आणि कवी एकदम उघड्या वस्तुस्थितीवर येतो. रूपकांची साखळी चालू असताना अशी नागडी नामे मध्ये टाकणे हे धाडसाचे काम आहे. मेघ-उल्का-पक्षी एवढेच असते तर मृत्यू नुसता सुंदर झाला असता.

उल्का आणि पक्षी यांत फरकही आहे. उल्का पडताना जळते ती स्वतःच्या वेगाने. समुद्राला तिचे काही वाटत नाही, तो तिला गिळतो आणि पूर्ववत होतो. शत्रूची छावणी किती अफाट होती हे कवीने एकही संख्या न देता या एका प्रतिमेत सांगितले. पक्षी मात्र दुसऱ्याच्या आगीत जळतो. पहिल्या प्रतिमेत आग सात जणांची स्वतःची, दुसरीत ती शत्रूची. घोड्यावर मांड टाकल्यापासून देह पडेपर्यंतचा प्रवास या बदलात सामावला आहे.

आता आगीच्या दिशा. दोन्ही कवितांतले सर्वांत उघड साम्य इथे आहे आणि सर्वांत मोठे अंतरही. टेनिसन तोफा मोजतो उजवीकडे, डावीकडे, समोर. परतीच्या कडव्यात ‘समोर’च्या जागी ‘मागे’ येते आणि बाकी रचना तशीच राहते. ही नुसती लयीसाठी केलेली पुनरुक्ती नव्हे, ते त्या दरीचे वर्णन आहे. फेदियुखिन टेकड्यांवर रशियन तोफा एका बाजूला होत्या, कॉजवेच्या उंचवट्यावर दुसऱ्या बाजूला, आणि मुख्य मोर्चा समोर. रसेलचा वृत्तान्त वाचलेल्या वाचकाला तो नकाशा ओळखीचा होता. नकाशा मांडून झाल्यावर टेनिसन दरीला बायबलचा रंग देतो. मृत्यूची दरी हा तेविसाव्या स्तोत्रातला प्रत्येक ख्रिस्ती घरात पाठ असलेला संदर्भ. मग मृत्यूला जबडे फुटतात, नरकाला तोंड. रणभूमीची मोजमापे आणि धर्मग्रंथाची भीती अशी एकावर एक ठेवली आहे.

कुसुमाग्रजही आग तीन दिशांनी लावतात, पण त्यांच्या दिशा आहेत खाली, वर आणि बाजू. हा नकाशा नव्हे. १६७४ च्या नेसरीत खालून आग येण्याचे काही कारण नाही. खिंडीत झालेल्या चकमकीचा भूगोल त्यांना नकोच आहे. अरुंद वाट, डोंगर, नाला यांतले काही या क्षणी दिसत नाही. माणूस पूर्ण वेढला गेला, आकाश आणि जमीन दोन्ही उरली नाही, एवढेच त्यांना हवे आहे. टेनिसनची आग भूमितीतली, कुसुमाग्रजांची अनुभवातली. लढाई कशी झाली हे समजून घ्यायचे तर टेनिसन वाचावा. लढणाऱ्याला ती कशी लागली हे कुसुमाग्रजांकडे आहे.

छंदाने हाच फरक आणखी स्पष्ट होतो. टेनिसनच्या ओळी आखूड आहेत. प्रत्येकीत दोन जोराचे आघात आणि प्रत्येक आघातामागे दोन हलकी अक्षरे. घोड्याच्या टापांची चाल म्हणून शिक्षक ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण आखूड ओळीत माणूस मावत नाही. तिथे फक्त हालचाल मावते. म्हणून सहा कडव्यांत एकाही स्वाराचा चेहरा दिसत नाही, एकाचेही नाव येत नाही, रॅग्लन, लुकन, नोलन कुणीच नाही. ब्रिगेड हेच एक पात्र आहे.

कुसुमाग्रजांची ओळ बावीस मात्रांची आहे. आधी दोन मात्रांची उसळी, मग आठ-आठ मात्रांची दोन आवर्तने, शेवटी चार. सुरुवातीच्या त्या दोन मात्रा म्हणजे टाच मारल्याचा झटका. पुढची आवर्तने म्हणजे दौड. या लांब ओळीत दृश्य मांडायला जागा आहे, आणि कवीने ती घोड्यांसाठी न वापरता आधी एका चेहऱ्यासाठी वापरली आहे. भुवई चढते. दात ओठावर रुततात. छाती अशी फुगते की वस्त्राची गाठ तुटते. डोळ्यांच्या कडा ओलावतात. मग कुठे तलवार म्यानातून वर येते. एका माणसाच्या अंगात संतापाचे शरमेत आणि शरमेचे निर्धारात रूपांतर होताना आपण जवळून पाहतो. कविता अर्धी होत आली तरी एकही घोडा हललेला नसतो, ही गोष्ट गाण्याच्या वेगात लक्षात येत नाही.

‘उसळणे’ हे एकच क्रियापद कवीने तीन जागी वापरले आहे. आधी तलवार उसळते, मग धूळ, शेवटी छावणीतल्या असंख्य समशेरी. पहिली उसळी मनातून आलेली, दुसरी घोड्यांच्या टापांतून, तिसरी तिला मिळालेले उत्तर. एका क्रियापदावर लढाई पेलण्याची ही काटकसर टेनिसनकडे नाही. तो शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, पण त्याची पुनरावृत्ती ढोलाच्या ठोक्यासारखी आहे, तोच शब्द त्याच अर्थाने.

यातून मूळ प्रश्नाकडे येता येते. या कवितांतला संघर्ष कुणाकुणात आहे? शत्रू म्हणावा तर तो दोन्हीकडे पुसट आहे. टेनिसनने कोसॅक आणि रशियन एकदाच, तेही कोलमडताना दाखवले. कुसुमाग्रजांच्या कवितेत बहलोलखानाचे नाव नाही; ‘गनीम’ या शब्दावर त्याची बोळवण झाली आहे. खरे तर त्या कवितेत महाराजांचे नाव नाही, प्रतापरावांचे नाही, नेसरीचेही नाही. सगळी नावे मराठी वाचक स्वतः घालतो. कवीने त्याच्या इतिहासज्ञानावर एवढी भिस्त ठेवली, आणि ती खरी ठरली.

टेनिसनच्या कवितेतला संघर्ष हुकूम आणि अक्कल यांच्यातला आहे. हुकूम चुकला हे शिपायाला ठाऊक आहे, असे तो दुसऱ्या कडव्यात स्पष्ट सांगतो. लगेच पुढे एकाच साच्यातली तीन वाक्ये येतात. उत्तर देणे शिपायाचे काम नाही, कारण विचारणे त्याचे काम नाही, करणे आणि मरणे एवढेच त्याचे. तीन वेळा तोच साचा वापरल्यामुळे ते नियमासारखे, कवायतीच्या हुकुमासारखे वाजते. संघर्ष पेटण्याआधीच व्याकरणाने तो मिटवला. चूक कुणाची? ‘कुणीतरी’ची. हे सर्वनाम फार मोक्याचे आहे. देशातली वर्तमानपत्रे नावे घेऊन भांडत होती, लुकन आणि रॅग्लन एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि राजकवीने एका अनाम सर्वनामात सगळ्यांना सोडवले. तरीही तो शब्द बोचला. पुढच्या वर्षी ‘मॉड’ या संग्रहात कविता घेताना मित्रांच्या टीकेमुळे टेनिसनने चुकीची ओळच काढून टाकली. मग क्रिमियातल्या शिपायांना ही कविता प्रिय आहे आणि तिच्या प्रती त्यांना हव्या आहेत, असे त्याला कळले. ऑगस्ट १८५५ मध्ये त्याने हजार प्रती स्वतंत्र छापवून तिकडे पाठवल्या, आणि त्यांत ती ओळ पुन्हा जागेवर होती. मरणाऱ्यांना चुकीचा उल्लेख चालत होता. अडचण घरी बसलेल्या रसिकांची होती.

कुसुमाग्रजांच्या कवितेतला संघर्ष माणसाचा स्वतःशी आहे. कविता सुरू होते ती पत्राने, म्हणजे दुसऱ्याच्या आवाजाने. पत्र उपरोधाने बोलते: तुमची कीर्ती ऐकून कान धन्य झाले. मराठीत रागावण्याची ही घरंदाज रीत आहे. शिवी देण्याऐवजी स्तुती करायची. त्या स्तुतीची अक्षरे काळीज जाळत जातात असे कवी म्हणतो. पुढे उत्तर येते तेही बोलण्यातूनच. काल चुकलो हे कबूल, आज शिर हातात घेऊन जातो. दोन भाषणे आणि मध्ये एक चेहरा, असा हा नाटकाचा प्रवेश आहे. नाटककार शिरवाडकर आणि कवी कुसुमाग्रज हे एकच गृहस्थ होते, हे या कवितेत पुरेपूर दिसते.

पण त्यांनी एक फेरफार केला आहे आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. इतिहासात प्रतापरावांचा अपराध होता हाती आलेल्या शत्रूला सोडण्याचा. कवितेतला अपराध आहे रण सोडून पळण्याचा, पाठ दाखवण्याचा. एक चूक राजकारणाची, दुसरी भित्रेपणाची. दयेने किंवा गाफीलपणाने केलेल्या चुकीला सात जणांची आत्मघाती दौड हे उत्तर ठरत नाही. तिला उत्तर म्हणजे पुन्हा मोहीम आखून खानाला गाठणे, आणि सभासदाच्या बखरीतल्या निरोपाची मागणीही फत्तेचीच होती. पळण्याचा कलंक मात्र प्राण देऊन धुता येतो. दौड तर्काला पटावी म्हणून कवीने अपराध बदलला. काव्य म्हणून हा निर्णय अचूक आहे. फक्त त्यामुळे आज अनेकांना असे वाटते की प्रतापराव खरोखर रणातून पळाले होते, आणि साल्हेरची लढाई गाजवलेल्या सरनोबतावर हा अन्याय आहे.

मागे राहिलेल्या सैन्याचेही तसेच. नारायण शेणवींच्या पत्रात कुमक न पोहोचल्याची नोंद आहे, आणि तिच्यात दोषाचा सूर ऐकू येतो. कवितेत ते सैन्य थक्क होऊन पाहत राहते. टेनिसनच्या कवितेत सारे जग थक्क होते. दोन्ही कवींनी या अचंब्याचा उपयोग पडद्यासारखा केला आहे. थक्क झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तू काय करत होतास.

शेवट दोघांचे निरनिराळे आहेत आणि त्यामागे काळाचे अंतर आहे. टेनिसन घटनेनंतर पाच-सहा आठवड्यांनी लिहीत होता. वारलेल्यांची घरे सुतकात होती. त्यामुळे तो थेट वाचकाला आज्ञा करतो, यांचा मान राखा. ही सार्वजनिक श्रद्धांजली आहे आणि तिचा आवाज चौकात उभ्या राहिलेल्या वक्त्याचा आहे. कुसुमाग्रजांसमोर अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचे मरण होते. मान राखा म्हणून सांगण्याची गरज उरली नव्हती. त्यांनी भूमीला साक्षीला बोलावले. दगडावरच्या टाचा, ओढ्यातला रक्ताचा रंग, क्षितिजावरची धूळ, आणि प्रत्येकाबरोबर ‘अजून’. शेवटी वाऱ्यावर कुणीतरी गात असल्याचा भास. भूतकाळात चाललेली कविता शेवटच्या कडव्यात वर्तमानकाळात येते. या एका काळबदलाने जे साधले ते टेनिसनच्या आज्ञार्थाला साधले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आज्ञार्थाला उत्तर देता येते, आणि ते दिलेही गेले. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने १८९० च्या सुमारास ‘द लास्ट ऑफ द लाइट ब्रिगेड’ लिहिली. तिच्यात त्या दौडीतले उरलेले म्हातारे शिपाई भुकेकंगाल होऊन कविवर्यांच्या दारी जातात. मान राखला, पण पोटाचे काय, हा तिचा रोख. त्याच १८९० मध्ये ऐंशी वर्षांच्या टेनिसनने आपली कविता एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रित केली. आवाज खरखरतो, पण आघातांवरचा जोर कमी झालेला नाही.

नेसरीनंतर महाराजांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई हिच्याशी राजारामाचा विवाह लावून दिला. ज्याचे पत्र कवितेत इतके कठोर वाजते त्याच्या पश्चात्तापाचा, किंवा निदान उत्तरदायित्वाचा, तो एक पुरावा आहे. कवितेला तो घेता आला नसता. ‘सात’शी त्याचे यमक जुळत नव्हते.

शाळेत या दोन्ही कविता शिकवताना अलंकारांची नावे लिहून घेतली जातात. उपमा, रूपक, अनुप्रास, पुढे गुण. त्याऐवजी मुलांना दोन्ही कवितांतला आकडा शोधायला सांगावे आणि दर वेळी त्याच्या शेजारी कोणता शब्द बसला आहे ते वहीत उतरवून घ्यायला सांगावे. मग शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा: या कवितेत चूक कुणाची आहे, आणि कवीने ती कुठे ठेवली आहे?